इंजिनाला कुठले पाणी?

रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला, नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नका, असे आजचा मेकॅनिक सांगतो तेव्हा जुन्या पिढीतल्या चालकाचे उत्तर ठरलेले असते. ॲम्बॅसिडर आणि फियाट ओढ्याच्या, विहिरीच्या, हापशाच्या पाण्यावर वर्षानुवर्षे धावल्या, त्यांना काय झाले? या उत्तरात अनुभव आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. ते नीट तपासावे लागते. तपासायला बसले की दिसते ते असे : इंजिनातले पाणी जसजसे कमी होत गेले आणि जितका जास्त काळ तेच पाणी आत राहू लागले, तसतशी त्याची प्रत महत्त्वाची ठरत गेली. ‘कुठलेही पाणी चालते’ हा नियम कधीच नव्हता. एका विशिष्ट काळातली इंजिने, त्या काळातले पाणी आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला राबणारी एक कारागिरी या तिघांनी मिळून तो समज टिकवला होता. आज या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत.

पाणी पारखण्याची विद्या मोटारीबरोबर आली नाही. कुठल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कुठल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे गावोगावच्या बायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. दोन्हींचे कारण एकच, पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. यंत्रांच्या जगात हा प्रश्न प्रथम वाफेच्या बॉयलरने आणला, आणि फार मोठ्या प्रमाणावर आणला. जड पाणी तापवले की त्यातले बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट धातूवर बसते. कॅल्शियम सल्फेट तर आणखी अवघड. ते पाणी तापेल तसे कमी विरघळते, त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त आच तिथेच त्याची खपली धरते. मोठ्या रेल्वे इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस-पंचवीस हजार लिटर पाणी मावायचे. लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार धरले तरी पंचवीस हजार लिटरचा एक टेंडर संपेपर्यंत पाच किलो क्षार बॉयलरमध्ये शिरत. पाणी वाफ होऊन धुराड्यातून बाहेर जाई, क्षार मात्र मागे राहत. ही खपली लोखंडापेक्षा उष्णता सुमारे पंचवीसपट कमी वाहून नेते, म्हणजे तिचा एक मिलिमीटर थर हा पंचवीस मिलिमीटर जाडीच्या लोखंडाइतका अडसर करतो. कोळसा जास्त लागतो, आणि आगीकडच्या पत्र्याला पाण्याचा गारवा न मिळाल्याने तो तापून फुगतो, फाटतो.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या बॉयलरवाल्यांनी पाण्याचा जेवढा विचार केला तेवढा मोटारवाल्यांनी पुढची पन्नास वर्षे केला नाही. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून पाणी मृदू करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ज्यांना एवढा खटाटोप परवडत नसे ते बॉयलरमध्ये धुण्याचा सोडा टाकत, झाडाच्या सालीतले टॅनिन टाकत, बटाटेसुद्धा टाकत. क्षार कडक खपली होऊन बसण्याऐवजी गाळ होऊन तळाला यावेत आणि धुऊन काढता यावेत, एवढाच हेतू. ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुणे हे प्रत्येक लोको शेडचे बांधलेले काम होते. गाडी कुठे थांबणार हेसुद्धा पाणी ठरवी. नेरळ-माथेरानची लहान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, त्या मार्गावरच्या एका स्थानकाचे नाव आजही ‘वॉटर पाइप’ आहे. वाफेची इंजिने चढणीवर तिथे पाणी घेत. ऑस्ट्रेलियात १९१७ साली पोर्ट ऑगस्टा ते कलगुर्ली असा सुमारे १,६९० किलोमीटरचा लोहमार्ग वाळवंटातून पुरा झाला, आणि तिथल्या बोअरच्या खारट पाण्याने बॉयलर इतके खाल्ले की त्या रेल्वेने १९५१ मध्येच डिझेल इंजिने आणली. हे उदाहरण फार बोलके आहे. डिझेल इंजिनालाही थंड राहायला पाणी लागतेच, पण ते तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवते, गमावत नाही. दर मैलाला नवे क्षार आत येणे बंद झाले. फ्रान्समध्ये लुई आर्मां यांनी १९४० च्या दशकात तिसरा मार्ग सिद्ध केला : पाणी जसे मिळेल तसे घ्यायचे, पण त्यात औषध मोजून घालायचे आणि बॉयलरमधल्या पाण्याची नियमित तपासणी करायची. आजच्या कूलंटमागचा विचार मुळात हाच आहे.

मोटारीचे पहिले इंजिन पाण्याच्या बाबतीत बॉयलरचेच भावंड होते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी सिलिंडरभोवती उकळे आणि वाफ होऊन उडून जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरत राहणे भाग होते. असे इंजिन पाणी पिऊन संपवते, त्यामुळे पाण्याची प्रत पाहण्यापेक्षा पाणी मिळणेच मोठे. खरा बदल घडवला तो विल्हेल्म मायबाख यांनी. १९००-०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी त्यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. पाण्याची गरज जवळपास निम्म्यावर, सुमारे नऊ लिटरवर आली आणि तेच पाणी फिरत राहू लागले. पण नळ्या बारीक झाल्या, तशी त्या तुंबण्याची शक्यताही आली. फोर्डच्या मॉडेल टीच्या माहितीपुस्तकात पाणी स्वच्छ नसेल तर मलमलीतून गाळून घ्या असा सल्ला होता. त्या काळच्या भीतीचा विषय त्यात नेमका कळतो. काळजी होती ती गाळाची, काडीकचऱ्याची, डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीची. विरघळलेले काय आहे हा प्रश्न बॉयलरवाले रोज विचारत होते, मोटारवाल्याला तो अजून पडलेला नव्हता, आणि रेडिएटरचे झाकण साधे असल्यामुळे पाणी थोडे थोडे उडतच होते.

आता त्या जुन्या उत्तराकडे वळू. ॲम्बॅसिडरचे मूळचे इंजिन बिडाचे होते, ब्लॉकही आणि हेडही. रेडिएटर तांब्या-पितळेचा, रुंद नळ्यांचा, आणि झाकणाचा दाब आजच्या मानाने कमी. बिडाच्या जाड भिंतीला गंज चढला तरी ती आरपार जायला फार काळ लागे. इंजिनाची ताकदही माफक, म्हणजे पाण्याने वाहून न्यायची उष्णता त्या मानाने कमी. अशा यंत्राला ओढ्याचे पाणी चालले हे खरेच आहे. पण ‘काही झाले नाही’ हे खरे नाही. ज्या काळात कुठलेही पाणी चालत होते त्याच काळात प्रत्येक तालुक्याच्या गावात, हायवेच्या प्रत्येक नाक्यावर रेडिएटर दुरुस्तीचे दुकान होते. तिथला कारागीर रेडिएटर उतरवायचा, वरची टाकी दिव्याने तापवून डाग सोडवायचा, एकेका नळीतून चपटी सळई घालून आतला क्षार आणि गंज खरवडून काढायचा, पुन्हा टाकी झाळून हवेचा दाब देऊन हौदात बुडवून गळती पाहायचा. तापलेली गाडी आणि गंजाने तांबडे झालेले पाणी हे रोजचेच असल्याने या कामाला कोणी बिघाड म्हणत नसे, ती देखभाल समजली जाई. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटला बिडाचा ब्लॉक असला तरी हेड ॲल्युमिनियमचे होते, आणि अशा हेडची पाण्याची भोके खाल्ली गेली की ते वेल्डिंग करून, सपाट घासून पुन्हा बसवणे हे गॅरेजमधले ओळखीचे काम होते. चुकीच्या पाण्याची किंमत तेव्हाही मोजली जात होती. ती हप्त्याहप्त्याने, कारागिराच्या हातात पडत होती, आणि दुरुस्ती स्वस्त होती म्हणून ती जाणवत नव्हती. पितळ झाळता येते. आजचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, ज्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तो बहुतेक वेळा फेकूनच द्यावा लागतो. त्या कारागिरांच्या कौशल्याचा मोटारीच्या इतिहासात उल्लेखही नसतो याचे वाईट वाटते, कारण ॲम्बॅसिडरच्या दणकटपणाचे निम्मे श्रेय त्यांचे आहे.

दुसरी बदललेली गोष्ट म्हणजे पाणी, आणि हिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबईच्या टॅक्सीने नळाचे पाणी वापरले ते कुठून येत होते? १८६० मध्ये विहार आणि १८९२ मध्ये तानसा अशा तलावांची बांधणी करून या शहराने डोंगरउतारावरचा पाऊस साठवला. ते पाणी मुळात मृदू असते, कारण खडकाशी त्याचा सहवास थोडका. घाटात पावसाळ्यात कपारीतून पडणाऱ्या धारेचेही तसेच, ती जवळपास पावसाचेच पाणी देते. कोकणातल्या जांभ्या खडकात पाणी मुरले तरी फारसे क्षार उचलत नाही. पण महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे, आणि या काळ्या कातळाच्या भेगांमधून हळूहळू झिरपणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येते. त्याहून टोकाचा प्रदेश म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांमधला खारपाणपट्टा, जिथले भूजल माणसांना, पिकांनाही त्रासदायक ठरते. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्या काळात वाटेत मिळणारे पाणी बहुतेक नदीचे किंवा उथळ आडाचे असे. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर सर्वत्र पोहोचली, पुढच्या दशकांत ती खोल खोल गेली; आणि जितके खोल तितके जुने पाणी, जितके जुने तितके क्षार जास्त. पेट्रोल पंपावरच्या नळाखाली आज डबा धरला तर त्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी येण्याची शक्यता मोठी. आजोबांनी ‘साधे पाणी’ घातले आणि नातवानेही ‘साधे पाणी’ घातले, तरी दोघांच्या डब्यात एकच वस्तू नव्हती.

कूलंटबद्दलचा आपल्याकडचा अविश्वास त्याच्या जन्मकथेतून आला आहे. थंड देशांत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून आधी अल्कोहोल, ग्लिसरीन, मधसुद्धा वापरून पाहिला गेला. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावणही विकले गेले आणि त्यातल्या क्लोराइडने धातू खाऊन टाकला. १९२७ मध्ये अमेरिकेत एथिलीन ग्लायकॉल ‘प्रेस्टोन’ नावाने बाजारात आले आणि हा प्रश्न सुटला. नाव पडले ‘अँटिफ्रीझ’. साहजिकच जिथे बर्फ पडत नाही तिथल्या चालकाला ते निरुपयोगी वाटले, आणि मूळ हेतूपुरते पाहिले तर तो बरोबरच होता. पण नुसते ग्लायकॉल पाण्याची जागा घेऊ शकत नाही, हे लढाऊ विमानांच्या इंजिनांनी लवकरच दाखवले. रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन आधी शुद्ध ग्लायकॉलवर चालले, नंतर दाबाखालच्या ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉलच्या मिश्रणावर आले, कारण उष्णता वाहण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉलला करता येत नाही. बाटलीतला आजचा खरा ऐवज तिसराच आहे, गंजरोधक द्रव्ये. आणि त्यांच्या घडणीवर तर प्रदेशाच्या पाण्याचीच छाप आहे. युरोपच्या मोठ्या भागात चुनखडीमुळे पाणी जड, तिथे फॉस्फेट घातले की ते कॅल्शियमशी जुळून गाळ होते, म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट वापरले. जपानचे पाणी बहुतांशी मृदू, तिथे फॉस्फेट बिनधास्त चालले, आणि पंपाच्या सीलला त्रास होतो म्हणून सिलिकेट टाळले गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंट आली, जनरल मोटर्सने आपल्या डेक्स-कूलसाठी पाच वर्षे किंवा दीड लाख मैल अशी मुदत सांगितली. पाणी आत राहण्याचा काळ महिन्यांवरून वर्षांवर गेला.

इथे एक जोरदार आक्षेप उभा राहतो आणि तो माझ्याच युक्तिवादातून निघतो. क्षार येतात ते नव्या पाण्यातून. जुन्या गाडीतून रोज एक लिटर पाणी वाफ होऊन गेले आणि भरलेल्या पाण्याची कठीणता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम धरली, तर ३०० दिवसांत ९० ग्रॅम क्षार आत जमले. आजच्या बंद यंत्रणेत सहा लिटर मिश्रण, त्यात निम्मे पाणी, म्हणजे एकदाच ०.९ ग्रॅम. शंभरपट कमी! मग आजच्या गाडीला वाईट पाणी जास्त चालायला हवे, कमी नव्हे. हिशेब बरोबर आहे, आणि नुसत्या खपलीचाच प्रश्न असता तर आक्षेप मान्य करावा लागला असता. पण ते थोडेसे क्षार सगळीकडे सारखे पसरत नाहीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या, सर्वाधिक तापणाऱ्या जागेत ते आधी बसतात आणि हेडला तडा जायला तेवढी जागा पुरते. शिवाय फॉस्फेट-सिलिकेटसारखी रोधके मिश्रणात थोड्याच ग्रॅमनी असतात. कॅल्शियमने त्यांना गाळात बसवले की पुढची पाच वर्षे ॲल्युमिनियम उघडे. सर्वांत मोठा मुद्दा क्लोराइडचा. ते खपली होऊन बसत नाही, संपत नाही, यंत्रणा बंद असेल तितका काळ फिरत राहते आणि ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतीत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते. बिडाने हे सोसले असते. पातळ नळीला सोसायला जाडीच नाही.

यावर, जे पाणी माणूस पितो ते इंजिनाला का चालू नये, असे विचारले जाते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणता योग्य मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. क्लोराइड २५०, नाइलाजाने १,००० पर्यंत. कॅटरपिलरसारखी अवजड इंजिनांची कंपनी आपल्या इंजिनांसाठी कठीणता १७० आणि क्लोराइड अवघे ४० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घालते. पिण्यायोग्य असण्याचा इंजिनाच्या धातूशी संबंध नाही; कॅल्शियम शरीराला हवेच असते. इमारतीतल्या सॉफ्टनरचे पाणीही उपयोगाचे नाही, कारण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, क्लोराइड जिथल्या तिथे राहते. डाळ शिजेल, रेडिएटर मात्र तसाच खाल्ला जाईल. घरच्या आरओचे पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरे, फक्त चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असू शकते. एसीतून ठिबकणारे पाणी मृदू असते हे खरे, पण ते तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून, धूळ धुऊन येते. राहिला शुद्ध पाण्याबद्दलचा आक्षेप : डिस्टिल्ड पाणी ‘भुकेले’ असते, ते धातूच विरघळवते. नुसते भरले तर यात तथ्य आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी होते आणि त्याला रोखणारे काहीच आत नसते. कूलंट मिसळले की मिश्रण अल्कधर्मी राहते आणि धातूवर रोधकाचा पापुद्रा धरतो. तेव्हा पाण्यात मुळात काही नसणे हाच त्याचा गुण ठरतो, कारण रोधकाला झगडायला शत्रू उरत नाही. बॅटरीसाठी प्रत्येक गॅरेजमध्ये असे पाणी गेली कित्येक दशके ठेवलेले असतेच. ते शेजारच्या रेडिएटरमध्ये जायला एवढा उशीर लागला, कारण बॅटरी वाईट पाण्याने लगेच मरते आणि रेडिएटर हळूहळू.

रस्त्यात गाडी तापली, मदत दूर आणि हाताशी फक्त हापसा असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून, इंजिन पुरते निवल्यावर, झाकण कापडाने धरून हळू उघडून हापशाचे पाणी भरावे. कोरडे इंजिन तासाभरात निकामी होते, जड पाण्याला त्यासाठी महिने लागतात. मात्र घरी पोहोचल्यावर ते मिश्रण पूर्ण काढून, यंत्रणा डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुऊन, निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी अशी नवी भरणी करावी. आणि गळती कुठे होती ती त्याच दिवशी शोधावी, कारण बंद यंत्रणेत पाणी आपोआप कमी होत नसते.